पैसा कमी आहे, तर तसाच चित्रपट काढा: मांगा-चित्रपटांच्या जपानी निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मांगावरून चित्रपट काढणाऱ्या निर्मिती समित्यांचे सर्व सभासद,
तोक्यो

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते. नाटकांची वेशभूषा आणि केशभूषा करते. कॉलेजात असताना जपानी शिकायला लागले, तेव्हापासून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचते आणि मांगावरून निघालेले, माणसांनी काम केलेले चित्रपट मिळतील तिथून बघते. पत्र मराठीत लिहितेय, कारण माझ्यासारखे बरेच जण इकडे आहेत आणि यातलं पुष्कळसं त्यांच्याही मनातलं आहे. तुमच्यापर्यंत ते पोचवायची अडचण नाही, जपानी येणारी माणसं पुण्यात भरपूर आहेत.

आमच्यात काय होतं ते आधी सांगते. एखाद्या लाडक्या मांगावर 'लाइव्ह ॲक्शन' येतंय अशी बातमी आली की आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा येतो. मग नायकाचा पहिला फोटो येतो. चकचकीत विग, नुकतंच पाकिटातून काढल्यासारखं जाकीट, मागे धूसर निळसर काहीतरी. ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "बजेट नसणार बिचाऱ्यांकडे." पुढे चित्रपट पडतो आणि सगळं खापर पैशावर फुटतं. हॉलिवूडइतका पैसा नाही, मग आणखी काय होणार?

मला हे पटत नाही. कमी पैशात केलेले मांगा-चित्रपट माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रपटांमध्ये आहेत, आणि ते तुमच्याच देशात झालेत. पैसा कमी असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कमी पैशात जास्त पैशाचं सोंग आणायला तुम्ही चांगल्या चांगल्या माणसांना लावता, तक्रार त्याबद्दल आहे.

दिग्दर्शक हिरोयुकी नासु यांचं उदाहरण घ्या. 1985 साली त्यांनी तोएई या चित्रपट कंपनीसाठी 'बी-बॉप हायस्कूल' केला. काझुहिरो किउची यांच्या मांगातली दोन टगी पोरं, त्यांची शाळा, शेजारच्या शाळेतली तसलीच पोरं आणि मारामाऱ्या, एवढाच मामला. मुख्य भूमिकेत नवखे चेहरे. चालत्या आगगाडीतून पोरगा खाली नदीत पडतो आणि बघणाऱ्याला कळतं की पडणारा माणूस खरा आहे, पाणीही खरं आहे. लोकांनी तो असा उचलून धरला की 1988 पर्यंत त्याचे सहा भाग निघाले. पटकथा नासुंच्या पत्नी माचिको नासु यांची होती. पुढे 2004 साली याच नवरा-बायकोच्या हातात त्याच तोएईने 'डेव्हिलमन' दिला. गो नागाई यांची 1972-73 ची मांगा. माणसाच्या शरीरात शिरणारे सैतान, एकमेकांवर उठलेली माणसं, जगाचा अंत. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जपानमध्ये आजही एखादा चित्रपट किती वाईट आहे हे सांगताना 'डेव्हिलमन'चं माप लावतात. नासु पुढच्याच वर्षी गेले. सहा भाग लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या नावाला शेवटी हा एक चित्रपट चिकटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा एकट्या नासुंचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. फुमिहिको सोरी यांचंही तेच झालं. सोरी अमेरिकेत 'टायटॅनिक'च्या संगणकीय दृश्यांवर काम करून आलेले. 2002 साली त्यांनी ताइयो मात्सुमोतो यांच्या पाच खंडांच्या मांगावरून 'पिंग पाँग' केला. पटकथा कांकुरो कुदो यांची. शाळकरी टेबल-टेनिसपटू, गावातला एक जुनाट क्लब, समुद्र, पूल. संगणकाचं एवढं शिक्षण घेतलेल्या माणसाने ते कुठे वापरलं? चेंडूत. नट हवेत बॅट फिरवतात आणि चेंडू मागाहून संगणकावर येतो. बाकी सगळं त्या पोरांच्या घामावर, खांद्यांवर, हरल्यावर खाली जाणाऱ्या मानेवर सोडलेलं. हेच सोरी 2017 साली 'फुलमेटल अल्केमिस्ट' करतात. हिरोमु आराकावा यांची 27 खंडांची मांगा, युरोपसारखा दिसणारा देश, इटलीत जाऊन केलेलं चित्रीकरण, सोनेरी विग घातलेले जपानी नट आणि दोन-सव्वादोन तासांचा पडदा. त्यातलं आल्फोन्सचं, म्हणजे शरीर गमावलेल्या नायकाच्या भावाचं, पोकळ चिलखत संगणकावर फार सुरेख उतरलंय, त्यावर काम केलेल्यांना माझा नमस्कार. पण चित्रपट त्या चिलखतासारखाच आतून रिकामा राहिला.

पंधरा वर्षांत सोरी कौशल्य विसरले असतील का? एकोणीस वर्षांत नासु दांपत्याला गोष्ट सांगता येईनाशी झाली असेल का? मला तसं वाटत नाही. बदललं ते एवढंच, की हातातल्या पैशाला न पेलणारी गोष्ट त्यांच्या पुढ्यात ठेवली गेली. आणि ती ठेवली तुम्ही.

तुमची पद्धत मला बाहेरूनच माहीत आहे, पण ती काही गुपित नाही. वाहिनी, प्रकाशक, वितरक, जाहिरात कंपनी, नटांची एजन्सी, गाण्यांची कंपनी अशा सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे आणि समिती करायची. बुडालं तर कुणा एकाचं घर बुडत नाही. ही व्यवस्था का आली ते मी समजू शकते. आमच्याकडे एकट्या निर्मात्याने दागिने गहाण टाकून काढलेले आणि त्यात संपलेले चित्रपट थोडे नाहीत. पण समितीत प्रत्येकाला आपापल्या वाट्याची खात्री हवी असते. म्हणून लाखो प्रती खपलेली मांगाच निवडली जाते. म्हणून ठरावीक एजन्सीचा तरुण नट येतो, मग त्याचं वय पात्राला शोभो न शोभो. म्हणून शेवटी ठरावीक बँडचं गाणं येतं. हे सगळं ठरल्यावर दिग्दर्शकाला बोलावतात. जास्त खपलेली मांगा बहुतेक वेळा भव्य असते, सैतान, राक्षस, जादू, परके देश यांनी भरलेली, आणि भव्य मांगेला पैसा जास्त लागतो. म्हणजे समितीची सावध निवडच चित्रपटाला सगळ्यात जास्त धोक्यात घालते.

2015 चा 'अटॅक ऑन टायटन' घ्या. दिग्दर्शक शिंजी हिगुची. नव्वदच्या दशकातल्या 'गामेरा'च्या तीन चित्रपटांची विशेष दृश्यं ज्यांनी केली तेच. माणसं अवाढव्य भिंतीआड राहतात आणि बाहेर त्यांना खाणारे राक्षस हिंडतात, अशी ही गोष्ट. ते राक्षस त्यांनी पुष्कळ ठिकाणी खऱ्या माणसांना रंगवून, त्यांना पडद्यावर मोठं करून उभे केले. त्या चेहऱ्यांवरची ती मठ्ठ, निर्हेतुक भूक अंगावर येते, कारण तो चेहरा माणसाचा आहे. या कामाची मी चाहती आहे. कथा बदलल्याबद्दल हिगुचींवर टीका झाली, पण बदल करा असं मूळ मांगाकार हाजिमे इसायामा यांनीच सुचवलं होतं, हे पटकथाकार तोमोहिरो माचियामा यांनी जाहीरपणे सांगितलंय. मग बिघडलं कुठे? एवढ्या अवाढव्य गोष्टीचे दीड-दीड तासाचे दोन तुकडे करून एकाच उन्हाळ्यात दोन तिकिटं विकायची ठरली, तिथे बिघडलं असं मला वाटतं. पन्नास मीटरच्या भिंतीची भीती बसायला प्रेक्षकाला त्या भिंतीच्या सावलीत थोडं राहावं लागतं. भाजी घेताना, भांडताना, कंटाळताना ती वर दिसत राहावी लागते. राहायला वेळच दिला नाही.

आता केसांबद्दल लिहिते, कारण तो माझा धंदा आहे.

विग लांबून चालतो. रंगमंचावर बाराव्या रांगेतून कुणाला कपाळावरची जाळी दिसत नाही. कॅमेरा मात्र कपाळापर्यंत येतो. कृत्रिम धाग्याचा विग दिव्याखाली एकसारखा चमकतो. खरा केस मुळाशी एका रंगाचा, टोकाला दुसऱ्या रंगाचा असतो, घामाने चिकटतो, वाऱ्याने विस्कटतो, उशीवर एका बाजूने दबतो. मांगातलं पात्र चार रेघांच्या टोकदार केसांनी ओळखू येतं ते कागदावर. कागदावर चेहराही चार रेघांचाच असतो, म्हणून दोन्ही जुळतं. खऱ्या चेहऱ्यावर तेच केस जसेच्या तसे ठेवले की चेहरा हरतो, बघणाऱ्याची नजर केसांवरून हलत नाही. हे तुम्हाला माझ्याकडून कळायची गरज नाही. काबुकीत विग घडवणारा वेगळा आणि तो रोज बांधणारा वेगळा, एवढी जुनी परंपरा तुमच्या घरात आहे. 2012 च्या 'रुरोनी केनशिन'मध्ये केइशी ओतोमो यांनी नायकाचे लालभडक केस उतरवून तांबूस-तपकिरी केले, कपडे विटलेले ठेवले. ताकेरु सातोह पळायला लागतो तेव्हा आपण केस बघत नाही, पाय बघतो. तो चित्रपट स्वस्त नव्हता. पण रंग उतरवायला आणि कापड चार वेळा धुऊन, दगडावर घासून जुनं करायला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि ज्याला हे कळतं त्याचं ऐकावं लागतं. आमच्याकडे ड्रेपरीवाल्याकडून आणलेला अंगरखा तालमीत घालून, चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरांवर झिजवून मगच प्रयोगाला घेतात. तुमच्या कितीतरी चित्रपटांत डोंगर चढून आलेल्या माणसाच्या बुटावर धूळ नसते.

मुळात मांगा ही गरिबीत वाढलेली कला आहे, हे तुम्ही विसरता असं मला वाटतं. युद्धानंतर भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी स्वस्त कागदावर चित्रं काढणाऱ्यांमधून शिगेरु मिझुकी, सांपेई शिरातो, योशिहारु त्सुगे आले. आजही साप्ताहिकातली मांगा काळ्या शाईत, हलक्या कागदावर येते. एक माणूस, हाताखाली मोजके साहाय्यक, दर आठवड्याची मुदत. सैन्य काढायला वेळ नसेल तर मांगाकार धूळ काढतो आणि धुळीतून दोन भाले. शहर जळतंय हे एका डोळ्यातल्या प्रतिबिंबात दाखवतो. काय दाखवायचं नाही हे ठरवण्यात त्याची सगळी बुद्धी लागलेली असते. आणि तुम्ही त्याच पानावर चित्रपट काढताना त्याने गाळलेलं सगळं पुन्हा भरायला जाता, तेही तुटपुंज्या पैशात.

याउलट काय होऊ शकतं, याची उदाहरणं तुमच्याच कपाटात आहेत. त्सुगेंच्याच कथा घ्या. 1991 साली नाओतो ताकेनाका यांनी त्यांच्या 'मुनो नो हितो'वर चित्रपट केला आणि मुख्य भूमिकाही स्वतः केली. चित्रं काढायचं सोडलेला एक मांगाकार नदीकाठी टपरी टाकून दगड विकतो. दगड त्याच नदीतले. म्हणजे गिऱ्हाइकाने खाली वाकलं तर फुकट मिळतील असे. या एका कल्पनेत सगळं दुःख आहे आणि सगळा खर्चही. व्हेनिसला त्या चित्रपटाला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. मग 2003 चा 'रिॲलिझम नो यादो', दिग्दर्शक नोबुहिरो यामाशिता. एकमेकांना जेमतेम ओळखणारे दोन होतकरू सिनेमावाले थंडीत एका आडगावच्या स्टेशनबाहेर तिसऱ्याची वाट बघतायत, तो येत नाही, आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही. कॅमेरा लांब ठेवलेला, हलत नाही. दोघांच्या मधलं अंतर त्सुगेंच्या चौकटीत असावं तेवढंच. आणि 2025 साली शो मियाके यांनी त्सुगेंच्याच दोन कथांवर केलेल्या 'ताबी तो हिबी'ला लोकार्नोमध्ये गोल्डन लेपर्ड मिळालं, म्हणजे त्या महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक. एकाच मांगाकाराच्या कथांवर तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या दिग्दर्शकांनी काम केलं, आणि तिघांनाही ना राक्षस लागला ना सोनेरी विग.

कुणी म्हणेल, हे महोत्सवांचं झालं, आम्हाला लोक हवेत. लोकांचंच बोलू या. 2009 साली रात्री उशिराच्या वेळेला यारो आबे यांच्या मांगावरून 'शिन्या शोकुदो' ही मालिका सुरू झाली. आमच्याकडे ती 'मिडनाइट डायनर' म्हणून पोचली. तोक्योतल्या शिंजुकूच्या गल्लीतली एक खानावळ, रात्री बाराला उघडते. भिंतीवरच्या यादीत एकच पदार्थ, डुकराच्या मांसाचं मिसो सूप. बाकी जे मागाल ते, सामान असेल तर मालक करून देतो. एक लाकडी काउंटर, त्याभोवती मोजक्या खुर्च्या, काओरु कोबायाशी यांचा डोळ्यावर व्रण असलेला मितभाषी मालक. एका गुंडाला लाल सॉसेज लागतात, तीही ऑक्टोपसच्या आकारात कापलेली. त्या सॉसेजवर कॅमेरा थांबतो, तव्यात त्यांचे पाय उलगडतात, आणि हा माणूस लहानपणी कुणाच्या हातचं खात होता याचा विचार आपोआप आपल्या मनात येतो. सगळा खर्च काय, तर एक सेट, चांगले नट आणि चांगलं लिखाण. 2015 आणि 2016 साली जोजी मात्सुओका यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचेच मोठ्या पडद्यावरचे भागही आले. वर ज्यांचं नाव घेतलं त्या यामाशितांनीही या मालिकेतले काही भाग केले आहेत, आणि ते तिथे शोभतात. चीनमध्ये 2017 साली याची नक्कल निघाली, तिच्यात इन्स्टंट नूडल्सची जाहिरात इतकी घुसवली की तिथल्या प्रेक्षकांनीच ती झिडकारली. काउंटर तसाच होता, पण त्या खानावळीचं मन ज्यात होतं तेच गेलं.

मासायुकी कुसुमी आणि जिरो तानिगुची यांच्या 'कोदोकु नो गुरुमे'चंही तसंच. टीव्ही तोक्योवर 2012 पासून. एक माणूस कामानिमित्त फिरतो, त्याला भूक लागते, तो खऱ्याखुऱ्या हॉटेलात जाऊन एकटा जेवतो. बस. भूक लागते तेव्हा युताका मात्सुशिगे रस्त्यात थबकतात आणि कॅमेरा तीन टप्प्यांत मागे सरकतो. तो उंच माणूस दर टप्प्याला लहान होत जातो, शहर मोठं होत जातं. मांगातल्या तीन चौकटीच त्या. याहून स्वस्त 'विशेष दृश्य' मी पाहिलेलं नाही, आणि ते विसरता येत नाही. शिवाय मूळ लेखक कुसुमी प्रत्येक भागाच्या शेवटी त्या हॉटेलात स्वतः जेवायला जातात, मालिकेचं संगीतही त्यांच्याच मंडळींचं. लेखक घरातलाच असल्यावर विश्वासघाताची भीती कुणाला? 2025 च्या जानेवारीत त्याचा चित्रपट आला, दिग्दर्शन खुद्द मात्सुशिगेंचं.

आणि सगळं असं शांत, संथच हवं असंही माझं म्हणणं नाही. 'मिनामी नो तेइओ' ही तर मांगावरून थेट व्हिडिओ कॅसेटसाठी काढलेली चित्रपटमालिका. 1992 पासून पंधरा वर्षं रिकी ताकेउची ओसाकाच्या रस्त्यांवरून दहा दिवसांना दहा टक्के व्याज वसूल करत हिंडले. पठाणी व्याज घेणारा सावकार आणि त्याच्याहून हलकट कर्जदार, ही गोष्ट आमच्या कुठल्याही तालुक्यात समजेल. त्याआधी 1972 साली 'लोन वुल्फ अँड कब'चे एका वर्षात चार चित्रपट निघाले. घाईघाईत काढलेले, पण त्यातले पहिले तीन केंजी मिसुमींच्या नजरेतून. काझुओ कोइके यांनी आपल्याच मांगेची पटकथा लिहिली. बाप, तीन वर्षांचं पोर आणि लाकडी ढकलगाडी. त्या गाडीतून पाती बाहेर येतात तेव्हा प्रेक्षक ओरडतो, कारण मघापासून तिच्यात ते पोर झोपलेलं त्याने पाहिलंय. ही करमणूकच आहे, आणि ती स्वस्त दिसत नाही.

माझ्या जवळचं उदाहरण रंगमंचावरचं आहे. 2003 पासून तुमच्याकडे 'प्रिन्स ऑफ टेनिस' या मांगाचं संगीत नाटक चालू आहे. रंगमंचावर टेनिसचा चेंडू कसा आणायचा? त्यांनी आणलाच नाही. प्रकाशाचा एक ठिपका इकडून तिकडे पळतो, बॅटवर आदळल्याचा आवाज येतो, नट पळतात, झेपावतात, आणि हजारो लोक टाळ्या वाजवतात. एकांकिका स्पर्धांमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळतं. आम्ही दोन खुर्च्यांची एसटी केलीय आणि त्यात खिडकीजवळ बसायला भांडणारे प्रवासी बसवलेत. सोरींचा संगणकावरचा चेंडू आणि हा प्रकाशाचा चेंडू माझ्या लेखी सख्खे भाऊ आहेत. दोन्हीकडे ज्याने काम केलं त्याला आपल्याकडे काय नाही हे आधी माहीत होतं.

आता जरा अवघड विषय. 2012 साली मारी यामाझाकी यांच्या 'थर्माए रोमाए'वरच्या चित्रपटाने जवळपास सहा अब्ज येनचा गल्ला केला, आणि आपल्याला हक्कांचे सुमारे 10 लाख येन मिळाले असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. चित्रपट चालला म्हणून मांगा जास्त खपते, हे खरं. पण कमी पैशाच्या चित्रपटात सर्वांत स्वस्त गोष्ट मूळ लेखकच असावा का?

आणि 2024 च्या जानेवारीत मांगाकार हिनाको आशिहारा गेल्या. त्यांच्या 'सेक्सी तानाका-सान'वर आदल्या वर्षी मालिका झाली होती. मूळ कथेशी इमान राखावं ही त्यांची अट होती आणि शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. त्यानंतर वाहिनीने आणि प्रकाशकाने आपापले चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. एका माणसाच्या मृत्यूचं कारण लांबून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण अहवालांमधून एवढं दिसतं की लेखिकेची अट नेमकी काय आणि कुणी कुणाला कळवली, याबद्दल दोन बाजूंची समजूत वेगवेगळी होती. मधल्या माणसांच्या साखळीतून जाता जाता अट पातळ होते. मांगाकार आणि पटकथाकार यांना पहिल्याच दिवशी एका खोलीत बसवायला खर्च येत नाही. हे तुम्ही नियम म्हणून करा. आशिहारांनंतर तरी करा.

पैशाचं कारण पुढे करणाऱ्यांना ताकाशी यामाझाकींकडे बघावं लागेल. 'ऑलवेज' आणि 'पॅरासाइट' (कोरियन नव्हे, जपानी) या मांगा-चित्रपटांचे दिग्दर्शक. त्यांचा 'गॉडझिला मायनस वन' दीड कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात झाला, संगणकीय दृश्यांवर जेमतेम 35 माणसं होती, आणि 2024 साली त्याच दृश्यांना ऑस्कर मिळालं. लिहिणारा, दिग्दर्शन करणारा आणि दृश्यांवर देखरेख ठेवणारा माणूस एकच, त्यामुळे कुठे पैसा ओतायचा आणि कुठे नुसती नटाची मान वळवून भागवायचं, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. तो अधिकार तुम्ही इतरांना देत नाही.

तुमच्याकडे एक-दोन खंडांत संपणाऱ्या हजारो मांगा पडून आहेत. म्हातारपण, भाड्याची खोली, मोडलेलं लग्न, गावचा सणवार, रात्रपाळी, छोट्या दुकानांची उधारी. आमच्या इथेही लोक हे बघतील. 2019 साली माकोतो शिंकाईंचा चित्रपट इथे थिएटरात यावा म्हणून भारतातल्या चाहत्यांनी सह्या गोळा केल्या आणि तो आला. 2025 च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर'साठी पहाटेचे खेळ लागले. ती ॲनिमेशनची गर्दी आहे, मला कल्पना आहे. पण तीच मुलं आता नोकरीला लागलीत, भाड्याच्या खोल्यांत राहतायत, एकटी जेवतायत. त्यांच्यासाठी 'मुनो नो हितो' आणि 'मिनामी नो तेइओ' इकडे रीतसर बघायची सोय करा. उपशीर्षकं इंग्रजीवरून उचलू नका, सरळ जपानीवरून मराठीत करून घ्या. ते काम करणारी माणसं पुण्यात बसलेली आहेत आणि त्यांना ते करायला आवडेल.

पुढच्या चित्रपटाची घोषणा कराल तेव्हा विग घातलेल्या नायकाचा फोटो आधी टाकू नका. शेवटचा शब्द कुणाचा, मांगाकाराने पटकथा वाचली का, आणि चित्रीकरणाला किती दिवस दिले, एवढं आधी सांगा. पैसा किती ते नाही सांगितलंत तरी चालेल. आम्ही तिकीट काढू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक वेशभूषाकार